घातकी स्त्रीचा शेवट कोणी लिहिला? फिल्म न्वार, स्त्री आणि हॉलिवुडची नीतिसंहिता

१/
१३ जानेवारी १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ने पहिल्या पानावर एकच मोठे छायाचित्र छापले आणि त्यावर एका शब्दाचा मथळा दिला. सिंग सिंग तुरुंगातील विजेच्या खुर्चीत पट्ट्यांनी जखडलेली, चेहरा झाकलेली एक स्त्री त्यात दिसत होती. मृत्युदंडाच्या दालनात कॅमेरा नेण्यास मनाई होती. टॉम हॉवर्ड या छायाचित्रकाराने छोटा कॅमेरा घोट्याला बांधून आत नेला आणि विजारीचा काठ किंचित उचलून हे दृश्य टिपले.

२/
त्या स्त्रीचे नाव रूथ स्नायडर. २० मार्च १९२७ रोजी, क्वीन्स भागातील राहत्या घरात, जड ग्रे या प्रियकराच्या साथीने तिने पती आल्बर्टचा खून केला होता. त्यापूर्वी तिने पतीच्या नकळत त्याचा विमा उतरवला होता. अपघाती मृत्यू आल्यास दुप्पट रक्कम मिळावी, असे कलम त्यात होते. रूथ आणि जड या दोघांनाही त्याच रात्री, काही मिनिटांच्या अंतराने, त्याच खुर्चीत मृत्युदंड देण्यात आला. लोकांच्या स्मरणात मात्र छायाचित्र राहिले ते तिचेच.

३/
न्यूयॉर्कमध्ये पत्रकारिता केलेल्या जेम्स एम. केन यांनी या खटल्याच्या बीजावर दोन कथा उभ्या केल्या: ‘द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस’ (१९३४) आणि ‘डबल इन्डेम्निटी’ (१९३६). दोन्हींत पत्नी आणि प्रियकर मिळून नवरा मारतात. पुढे या दोन्हींचे चित्रपट झाले, आणि त्यांतून जगाला एक प्रतिमा मिळाली: सुंदर, थंड डोक्याची, पुरुषाला विनाशाकडे नेणारी आणि शेवटी स्वतः मरणारी स्त्री.

या धाग्यात प्रश्न एवढाच आहे. तिला प्रत्येक वेळी मरावे का लागले?

४/
आधी संज्ञा स्पष्ट करू. ‘फिल्म न्वार’ म्हणजे शब्दशः ‘काळा चित्रपट’. हे नाव हॉलिवुडने दिलेले नाही. जर्मन ताब्याच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकी चित्रपट येणे थांबले होते. १९४६ च्या उन्हाळ्यात ‘द माल्टीज फाल्कन’, ‘लॉरा’, ‘डबल इन्डेम्निटी’ असे चित्रपट पॅरिसमध्ये जवळजवळ एकदमच झळकले. त्यांच्यातील समान काळोख नीनो फ्रँक या समीक्षकाच्या लक्षात आला आणि त्याच वर्षी त्याने ही संज्ञा वापरली. ते चित्रपट काढणारे लोक त्यांना साधे ‘क्राइम मेलोड्रामा’ म्हणत.

५/
‘फाम फताल’ हाही फ्रेंच शब्द; अर्थ, प्राणघातक स्त्री. आपल्याला पटकन आठवते ती ‘मुद्राराक्षसा’तील विषकन्या. परंतु दोघींत एक मूलभूत भेद आहे. विषकन्या हे दुसऱ्याच्या राजकारणातले शस्त्र असते. राक्षस तिला चंद्रगुप्तावर सोडतो आणि चाणक्य तिला पर्वतकाकडे वळवतो. तिला स्वतःला काय हवे आहे, हे कोणीही विचारत नाही. न्वारमधील स्त्री कट रचते तो स्वतःसाठी. तिला पैसा हवा असतो, घरातून सुटका हवी असते. तिची इच्छा हाच कथेचा गाभा असतो.

६/
या स्त्रीच्या जन्माचे नेहमीचे स्पष्टीकरण असे. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि सुमारे ६० लाख अमेरिकी स्त्रिया नव्याने नोकरीत आल्या. त्यांनी विमाने जोडली, जहाजांचे पत्रे सांधले, स्वतःचा पगार स्वतः मोजून घेतला. सैनिक परतले तेव्हा घरातली स्त्री बदललेली होती. पुरुषांना वाटलेल्या त्या भीतीने पडद्यावर घातकी स्त्रीचे रूप घेतले.

७/
या स्पष्टीकरणात तथ्य आहे. युद्ध संपत आले असताना अमेरिकी सरकारच्या विमेन्स ब्युरोने केलेल्या पाहणीत चारपैकी सुमारे तीन स्त्रियांनी नोकरी पुढे चालू ठेवण्याची इच्छा सांगितली होती. त्यांची इच्छा विचारात घेतली गेली नाही. कारखान्यांनी कामगार कमी केले ते प्रथम स्त्रियांना. युद्धकाळात सरकारी पैशांवर चाललेली पाळणाघरे १९४६ च्या सुरुवातीस बंद होऊ लागली. त्याच वर्षी देशातील घटस्फोटांचे प्रमाण तोवरच्या उच्चांकावर पोहोचले. १९४७ मध्ये ‘मॉडर्न वुमन: द लॉस्ट सेक्स’ हे गाजलेले पुस्तक आले. घराबाहेर पडलेली स्त्री मानसिक रोगी होय, असे त्याचे प्रतिपादन होते.

८/
तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याने तारखा तपासाव्यात. केनच्या कथा १९३४ आणि १९३६ च्या. ‘द माल्टीज फाल्कन’ ऑक्टोबर १९४१ चा, म्हणजे पर्ल हार्बरच्याही आधीचा. ‘डबल इन्डेम्निटी’चे चित्रीकरण १९४३ च्या शरद ऋतूत झाले, सैनिक परतण्यास तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. परतलेल्या पुरुषाच्या भीतीने ही स्त्री जन्माला घातली असे म्हणायचे, तर तिचा जन्म कारणाच्या आधी होतो. युद्धोत्तर भीतीने तिला प्रेक्षक मिळवून दिले, एवढे खात्रीने म्हणता येते.

९/
मग तिला हे रूप कशाने दिले? त्यासाठी थोडे मागे जाऊ. १९३२ च्या ‘रेड-हेडेड वुमन’ या चित्रपटात जीन हार्लोची नायिका मालकाचा संसार मोडते, त्याच्याशी लग्न करते, नंतर त्याच्यावर गोळीही झाडते. शेवटी ती पॅरिसमध्ये एका श्रीमंत वृद्धाच्या मोटारीत मजेत बसलेली दिसते, आणि मोटार चालवत असतो तिचा प्रियकर. तिला तुरुंग नाही, मरण नाही, पश्चात्तापही नाही. पटकथा होती अनिता लूस या लेखिकेची.

१०/
पुढल्याच वर्षी ‘बेबी फेस’ आला. बार्बरा स्टॅनविकची नायिका एका बँकेच्या इमारतीत पुरुषांच्या आधाराने मजल्यामागून मजला चढत जाते. न्यूयॉर्क राज्याच्या परिनिरीक्षकांनी तो अडवला. पुरुषांचा वापर कर, असा सल्ला नीत्शेच्या आधाराने तिला देणाऱ्या म्हाताऱ्या चांभाराच्या तोंडी मग नवे, नीतीचे संवाद घातले गेले. ती संपत्ती सोडून साधेपणाने राहू लागली, असा शेवटही जोडला गेला. मूळ प्रत २००४ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात सापडली, तेव्हा कात्रीने नेमके काय केले होते ते दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहता आले.

११/
१९३४ च्या जुलैपासून हे काम एका कायम यंत्रणेकडे गेले. हॉलिवुडच्या निर्मात्यांच्या संघटनेने १९३० मध्येच एक नीतिसंहिता स्वीकारली होती. आता जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयामार्फत तिची सक्तीने अंमलबजावणी सुरू झाली. कार्यालयाची मोहर नसलेला चित्रपट दाखवल्यास २५,००० डॉलर दंड होता. हा सरकारी कायदा नव्हता. सरकारी नियंत्रण आणि धार्मिक संघटनांचा बहिष्कार टाळण्यासाठी उद्योगाने स्वतःच्या हाताने घातलेली ही बेडी होती.

१२/
संहितेची काही कलमे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याच्या बाजूला जाता कामा नये. विवाहसंस्थेचे पावित्र्य राखले पाहिजे. व्यभिचार कथेला आवश्यक असला तरी तो आकर्षक किंवा समर्थनीय वाटता कामा नये. ‘लैंगिक विकृती’ दाखवणे किंवा सुचवणेही निषिद्ध. या शब्दांत समलिंगी प्रेम गृहीत होते. गोऱ्या आणि काळ्या वंशांतील शरीरसंबंधांनाही बंदी होती.

१३/
‘डबल इन्डेम्निटी’ची कथा १९३५ मध्ये स्टुडिओंकडे पोहोचली, तेव्हा ब्रीन यांच्या कार्यालयाने तिला जवळजवळ दारातूनच परत पाठवले. व्यभिचार, खून आणि त्यांचे तपशीलवार नियोजन हे सगळे एकाच कथेत होते. ‘पोस्टमन’चे हक्क एमजीएमने १९३४ मध्ये घेतले, पडद्यावर येण्यास १९४६ साल उजाडले. अखेर १९४३ मध्ये पॅरामाउंटसाठी बिली वाइल्डर आणि रेमंड चँडलर यांनी ‘डबल इन्डेम्निटी’ची पटकथा रचली. तिला मंजुरी मिळाली, कारण कोणत्याही गुन्हेगाराला तिने सोडले नव्हते.

१४/
या चित्रपटातील फिलिस डीट्रिकसन साकारली ‘बेबी फेस’च्याच बार्बरा स्टॅनविकने. डोक्यावर उठून दिसणारा सोनेरी टोप, घोट्यात साखळी, लॉस एंजेलिसच्या टेकडीवरचे स्पॅनिश धाटणीचे घर. जॉन सायट्झच्या छायाचित्रणात खिडकीच्या पट्ट्यांमधून येणारा प्रकाश भिंतीवर गजांसारखा पडतो. हा काळोख गुन्हेगारांच्या अड्ड्यावरचा नाही, मध्यमवर्गीय दिवाणखान्यातला आहे. खुनाचे बेत तर भरदिवसा एका वाण्याच्या मोठ्या दुकानात, डबाबंद खाण्याच्या रांगांआड, हलक्या आवाजात शिजतात. शेजारून गृहिणी सामान घेत जात असतात.

१५/
आता शेवट पाहा. कादंबरीत वॉल्टर आणि फिलिस एका जहाजावर असतात आणि दोघेही समुद्रात उडी घेण्याचे ठरवतात. आत्महत्येने न्याय चुकवणे संहितेला मान्य नव्हते. चित्रपटात वॉल्टर मिठीत असलेल्या फिलिसला गोळी घालतो आणि स्वतःही जखमी अवस्थेत पकडला जातो. वॉल्टरला विषारी वायूच्या कोठडीत मृत्युदंड होतो, हे दृश्यही चित्रित झाले होते. वाइल्डरने ते गाळले. अपराधी स्त्रीला तिच्या प्रियकराच्याच हातून शिक्षा देण्याची ही युक्ती पुढच्या कित्येक चित्रपटांत दिसते.

१६/
गोळी लागण्यापूर्वी फिलिसला एकदा संधी होती. तिने वॉल्टरवर पहिली गोळी झाडलेली असते. दुसरी झाडणे तिला जमत नाही. आपले मन आयुष्यात प्रथमच डळमळले, असे ती सांगते. वॉल्टरचा विश्वास बसत नाही, आणि आपला बसावा की नाही हे चित्रपट सांगत नाही. संहितेला हवा असलेला निकाल मिळतो. परंतु निकालाच्या क्षणी आरोपीबद्दलची शंका प्रेक्षकाच्या मनात पेरलेली राहते.

१७/
या चित्रपटातील सर्वांत हळवे नाते वॉल्टर आणि फिलिसचे नाही. ते वॉल्टर आणि त्याचा वरिष्ठ, विमा कंपनीतील दावे तपासणारा बार्टन कीज, यांचे आहे. कीजकडे काडी कधीच नसते. वॉल्टर प्रत्येक वेळी अंगठ्याच्या नखावर काडी ओढून त्याची सिगार पेटवून देतो. शेवटी वॉल्टर दारात कोसळलेला असताना कीज त्याची सिगारेट पेटवतो. स्त्री-पुरुषांचे प्रेम येथे कराराच्या भाषेत बोलते आणि जिव्हाळा उरतो तो दोन पुरुषांत. त्याला काय नाव द्यायचे, हे संहितेमुळे अनुच्चारित राहिले.

१८/
अनुच्चारित राहणे हीच त्या काळी समलिंगी व्यक्तींची पडद्यावरील अवस्था होती. डॅशिएल हॅमेटच्या ‘माल्टीज फाल्कन’ कादंबरीत जोएल कैरो हा समलिंगी असल्याचे उघड आहे. जॉन ह्यूस्टनच्या चित्रपटात पीटर लॉरीने तो साकारला, आणि ओळख उरली ती गंधित व्हिजिटिंग कार्डात आणि ओठांशी खेळणाऱ्या छडीत. याच कथेत तरुण गुंड विल्मरसाठी ‘गन्सेल’ हा शब्द येतो. तो ज्येष्ठ पुरुषाने आश्रयाला ठेवलेल्या पोरासाठी वापरला जाणारा भटक्यांच्या बोलीतला शब्द होता. लोकांनी त्याचा संबंध ‘गन’शी, म्हणजे बंदुकीशी लावला. शब्द संपादकांच्या नजरेतून सुटला, आणि चित्रपटाच्या परिनिरीक्षकांच्याही.

१९/
‘क्रॉसफायर’ (१९४७) चे उदाहरण अधिक बोलके आहे. रिचर्ड ब्रूक्सच्या मूळ कादंबरीत एक सैनिक द्वेषापोटी एका समलिंगी पुरुषाला ठार मारतो. पडद्यावर तसे दाखवणे शक्य नव्हते. म्हणून बळी ज्यू करण्यात आला आणि चित्रपट ज्यूद्वेषाविरुद्धचे धाडसी विधान म्हणून गाजला. ते विधान धाडसी होतेच. परंतु ज्याच्या हत्येवरून कथा सुचली, त्याला आपल्याच कथेत मरण्याचीही परवानगी मिळाली नाही.

२०/
आता ‘गिल्डा’ (१९४६) कडे येऊ. ब्युनोस आयरिसचा जुगारखाना. मालक बॅलिन, त्याचा विश्वासू जॉनी आणि बॅलिनची नवी पत्नी गिल्डा, जी पूर्वी जॉनीची प्रेयसी होती. बॅलिन आणि जॉनी यांच्यातील जवळीक इतकी दाट आहे की गिल्डा आल्यावर तीच उपरी वाटते. जॉनी तिच्यावर पाळत ठेवतो, नंतर तिच्याशी लग्न करून तिला कोंडतो. शिक्षा कशाची? तिच्या बेछूटपणाची. शेवटी एक पोलीस अधिकारी जॉनीला सांगतो की तिने त्यातले काहीच केले नव्हते; सारा देखावा होता.

२१/
याच चित्रपटात रिटा हेवर्थ काळ्या पोशाखात गाताना एक लांब हातमोजा हळूहळू उतरवते. दृश्य सर्वांना ठाऊक असते. गाण्याच्या आशयाकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. शिकागोची आग, न्यूयॉर्कमधील हिमवादळ, सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप, या साऱ्यांचे खापर गाण्यातल्या एका बाईच्या माथी गमतीने फोडले आहे. घडले ते निसर्गाने, दोष तिचा. घातकी स्त्रीची संकल्पना किती हास्यास्पद आहे, याची कबुली तिच्या सर्वांत प्रसिद्ध दृश्यातच दिलेली आहे. चित्रपटाची निर्माती होती व्हर्जिनिया व्हॅन अप.

२२/
ते शरीरही घडवलेले होते. रिटाचे मूळ नाव मार्गारिता कान्सिनो. वडील स्पॅनिश नर्तक. कोलंबिया स्टुडिओच्या छत्राखाली तिचे नाव बदलले, केस रंगवले गेले आणि कपाळावरची केसांची रेषा वेदनादायक विद्युत उपचारांनी मागे सरकवली गेली. १ जुलै १९४६ रोजी बिकिनी बेटांवर झालेल्या अणुचाचणीतल्या बॉम्बवर ‘गिल्डा’ हे नाव आणि रिटाचे चित्र लावले होते. याने ती संतापली, असे तिचे तेव्हाचे पती ऑर्सन वेल्स यांनी पुढे सांगितले. पुरुषांनी बनवलेल्या विनाशाच्या शस्त्राला बाईचे नाव मिळाले. गाण्यातली गंमत चार महिन्यांत खरी झाली.

२३/
घातकी असण्याचा हा ‘मान’ही गोऱ्या स्त्रीचाच होता. कृष्णवर्णीय अभिनेत्रींना न्वारमध्ये बहुधा मोलकरणीची भूमिका मिळे. ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७) मध्ये नायक फरारी कॅथीचा माग काढताना तिच्या मोलकरणीला भेटतो. थेरेसा हॅरिसने साकारलेली ही स्त्री एका क्लबात, नटूनथटून, सोबत्यासह बसलेली असते आणि शांतपणे मोजकेच बोलते. दृश्य थोडक्यात आटोपते. तिचे स्वतःचे आयुष्य आहे एवढे कळते, आणि कथा तिला सोडून पुढे जाते.

२४/
सत्तेची सर्वांत स्वच्छ कहाणी मात्र ‘मिल्ड्रेड पिअर्स’ (१९४५) सांगतो. ही स्त्री कुणाला मारत नाही. नवरा सोडून गेल्यावर ती हॉटेलात वाढपीण होते, घरी पाय भाजून विकते, आणि कष्टाने उपाहारगृहांची साखळी उभी करते. केनच्या १९४१ च्या कादंबरीत खून नाहीच. चित्रपटात तो घातला गेला. मिल्ड्रेडचे यश आपल्याला दिसते ते पोलीस ठाण्यात द्यावा लागलेला जबाब म्हणून. कमावत्या बाईची गोष्ट सांगायची, तर तिला आधी संशयित म्हणून बसवावे लागले.

२५/
खून तिच्या मुलीने केला, हे उघड होते. व्यवसाय हातचा गेलेला असतो. पहाटे न्यायालयाच्या इमारतीतून मिल्ड्रेड पहिल्या नवऱ्यासोबत बाहेर पडते. त्याच चौकटीत दोन सफाई कामगार स्त्रिया गुडघ्यांवर बसून फरशी घासत आहेत. चित्रपट प्रदर्शित झाला १९४५ च्या शरद ऋतूत, कारखान्यांच्या दारांतून स्त्रिया घरी पाठवल्या जात होत्या त्याच महिन्यांत. ती पहाट सुखाची मानायची, तर त्या दोघींकडे पाठ करावी लागते.

२६/
न्वारमधील प्रत्येक स्त्री घातकी असते, हा समजही चुकीचा आहे. ‘फँटम लेडी’ (१९४४) मध्ये खुनाच्या आरोपात अडकलेल्या मालकाला सोडवण्यासाठी त्याची सचिव एकटी रात्रीच्या न्यूयॉर्कमध्ये तपास करते. साक्षीदाराला बोलते करण्यासाठी ती भडक पोशाख चढवते आणि काही तासांपुरती ‘तसली बाई’ बनते. घातकी स्त्री म्हणजे पुरुष ओळखतील असा एक वेश आहे, हे या चित्रपटाला कळले होते. त्याची निर्माती होती जोन हॅरिसन, पूर्वी हिचकॉकसाठी पटकथा लिहिणारी.

२७/
या काळोख्या जगात लिहिणाऱ्या स्त्रियाही होत्या. ‘लॉरा’ची कादंबरी व्हेरा कॅस्परीची, ‘द बिग स्लीप’च्या पटकथेत ली ब्रॅकेटचा वाटा, ‘द हिच-हायकर’ (१९५३) ची दिग्दर्शिका आयडा लुपिनो. डोरोथी बी. ह्यूजच्या ‘इन अ लोन्ली प्लेस’ (१९४७) मध्ये तर युद्धातून परतलेला पुरुषच स्त्रियांचे खून पाडत असतो. १९५० च्या चित्रपटात नायक खुनी राहिला नाही, फक्त हिंसक राहिला. तरी त्याच्या हातांची भीती वाटून स्त्रीचे प्रेम विझत जाते, हे त्यात अचूक दिसते. घातक कोण, या प्रश्नाचे हेही एक उत्तर त्याच काळात दिले गेले होते.

२८/
ब्रीन यांच्या मोहरेची सत्ता मुंबईत चालत नव्हती. तरी ‘गिल्डा’शी ज्याचे नाते समीक्षक जोडतात, त्या गुरुदत्तच्या ‘बाजी’ (१९५१) मध्ये गीता बालीची क्लब-नर्तकी नायकाला वाचवताना प्राण गमावते आणि नायक सुशील डॉक्टर नायिकेकडे परततो. हिने तर गुन्हाही केलेला नाही. नियमपुस्तक एकीकडचे, संकेत सगळीकडचा. संहितेने सक्ती केली हे खरे. ती सक्ती प्रेक्षकाला फारशी खुपली नाही, हेही तितकेच खरे.

२९/
१९६८ मध्ये संहिता गेली आणि तिच्या जागी वयोगटानुसार श्रेणी आल्या. १९८१ च्या ‘बॉडी हीट’ मध्ये ‘डबल इन्डेम्निटी’चाच सांगाडा आहे: पत्नी, प्रियकर, नवऱ्याचा खून, पैसा. प्रियकर तुरुंगात जातो आणि ती दूरच्या एका समुद्रकिनारी ऊन खात पहुडलेली दिसते. १९३२ मध्ये मोकळी सुटलेली स्त्री जवळजवळ ५० वर्षांनी पुन्हा मोकळी सुटली. मधल्या काळात कथा फारशी बदलली नव्हती. नियमांची वही तेवढी टेबलावर होती.

३०/
१९७८ मध्ये ई. अ‍ॅन कॅप्लन यांनी संपादित केलेल्या ‘विमेन इन फिल्म न्वार’ या संग्रहात जेनी प्लेस यांनी एक साधे निरीक्षण मांडले: या स्त्रियांचा अंत आपल्या लक्षात राहत नाही, लक्षात राहते ते त्यांचे सामर्थ्य. फिलिस जिना उतरताना आठवते, मरताना क्वचितच. अखेरच्या दहा मिनिटांवर ब्रीन यांच्या कार्यालयाची पकड घट्ट होती. आधीच्या दीड तासात लेखक, छायाचित्रकार आणि अभिनेत्री यांनी जे मिळवले, ते त्यांना पुसता आले नाही.

३१/
म्हणून जुना चित्रपट इतिहासाचे साधन म्हणून वापरताना शेवटाला समाजाचे मत समजू नये. शेवट हा अनेकदा वाटाघाटीचा दस्तऐवज असतो. मूळ कादंबरी काढावी, शेवट कुठे बदलला ते पाहावे, आणि तो बदल कोणाच्या मोहरेसाठी झाला ते विचारावे. रूथ स्नायडरच्या बाबतीत शिक्षा न्यायालयाने दिली होती आणि ती दोघांना दिली होती. चित्र एकीचेच उरावे, हा निवाडा वृत्तपत्राचा आणि ते विकत घेणाऱ्यांचा होता.

३२/
पाहण्यास सुरुवात करायची असेल तर ‘डबल इन्डेम्निटी’, मग ‘मिल्ड्रेड पिअर्स’, मग ‘गिल्डा’ असा क्रम ठेवावा, आणि त्यानंतर मागे वळून ‘बेबी फेस’ची मूळ प्रत पाहावी. कोणत्या चित्रपटाचा शेवट आपल्याला चिकटवल्यासारखा वाटला, ते खाली अवश्य लिहा. हिंदी-मराठी चित्रपटांतील उदाहरणे आली तर अधिक आनंद.

धागा समाप्त.